अंतर्यामी आणि म्हशीचं शेपूट

दुकान चार रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर होतं आणि दुकानदार त्या दुकानाच्या आत, शक्यतो तिथून न हलता. दारात पेंडीची पोती, छताला टांगलेले दोर आणि घंटा, एका बाजूला एकात एक घातलेल्या बादल्या, आणि या सगळ्याच्या मागे, भिंतीला लागून, काचेच्या दाराचं औषधांचं कपाट. जंतांचं औषध, गोचिडांची पावडर, पोटफुगीवरचं तेल, खुरांचं मलम, चाटायच्या मिठाच्या विटा. त्याचे वडील नुसती पेंड विकायचे आणि लोक त्यांना पेंडवाला म्हणायचे. कपाट याने आणलं, आणि कपाट आल्यापासून लोक याला अंतर्यामी म्हणू लागले.

नाव उगाच पडलं नव्हतं. सव्वीस वर्षांत या माणसाने एकही जनावर डोळ्यांनी न बघता औषध दिलं होतं. त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की तो चष्मा पुसायचा, नाकावर नीट बसवायचा आणि म्हणायचा, "सांगू नका. करून दाखवा." मग ज्याची शेळी खोकत असेल त्याने शेळीसारखं खोकायचं. ज्याचा बैल लंगडत असेल त्याने पोत्यांपासून बादल्यांपर्यंत लंगडत जाऊन परत यायचं. शाळेचे हेडमास्तर, ज्यांना बघून बापये माणसंसुद्धा विडी लपवत, तेही एकदा याच दुकानात गुडघे टेकून, मान वाकडी करून, आपली गाभण गाय कशी कण्हते ते दाखवून गेले होते. खोकला कोरडा की ओला, पाय टेकताना दुखतो की उचलताना, हे अंतर्यामी डोळे बारीक करून बघायचा, आणि दहातल्या सात-आठ वेळा त्याचं बरोबर निघायचं. उरलेल्या वेळी जनावर आपलं आपण बरं व्हायचं आणि त्याचंही श्रेय दुकानालाच मिळायचं.

याला जनावर बघावं लागत नाही, असं लोक म्हणत. खरी गोष्ट अशी की याला जनावर बघवत नव्हतं. नऊ वर्षांचा असताना एका रेड्याने त्याला शिंगांवर उचलून कडब्याच्या गंजीवर ठेवलं होतं. नुसतं ठेवलं होतं, हेही सांगायला हवं. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. पण तेव्हापासून चार पायांचं काहीही जवळ आलं की याच्या दोन पायांतलं बळ जायचं. जनावरांच्या औषधांचा धंदा करणाऱ्याला जनावरांचीच भीती वाटावी, ही देवाने केलेली चेष्टा असेल तर त्या दिवशी देवाला दुसरं काम नव्हतं असंच म्हणायचं. हे फक्त बायकोला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिनेही ती झाकूनच ठेवली होती.

मूठ उघडायची वेळ आणली नव्या डॉक्टरीणबाईंनी.

जनावरांचा सरकारी दवाखाना बसने दोन तासांवर होता. तिथले जुने डॉक्टर महिन्यातून एकदा येत, चहा घेत आणि जात. नव्या बाई गमबूट घालून आल्या आणि चहाला नाही म्हणून थेट दुकानात शिरल्या. त्या वेळी दुकानात काकू लंगडत होत्या. काकू म्हणजे मागच्या गल्लीतल्या, नवऱ्यामागे एका म्हशीच्या दुधावर घर चालवणाऱ्या. साठी उलटलेल्या असल्या तरी अख्ख्या गावाच्या काकूच. म्हैस मागच्या डाव्या पायाने लंगडत होती, म्हणून काकूही एक हात कमरेवर ठेवून, डावा पाय ओढत, टांगलेल्या दोरांखालून चालल्या होत्या.

"अहो, या आजींना कुणीतरी डॉक्टरकडे न्या," बाई म्हणाल्या.

"मला काही झालेलं नाही," काकू न थांबता म्हणाल्या. "मी म्हैस आहे."

बाईंनी खुर्ची ओढली आणि सगळी हकिकत काढून घेतली. म्हैस कुठे आहे? घरी. कुणी तपासली? शेठनी, आत्ताच, तुमच्यादेखत. औषध काय? खुरांचं मलम. कितव्यांदा?

"तीन वर्षं नेतेय," काकू अभिमानाने म्हणाल्या. "लावलं की बरं वाटतं. महिन्याभराने पुन्हा लंगडायला लागते, मग पुन्हा लावते. मलम फार गुणाचं आहे."

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला," बाई म्हणाल्या. मग त्या अंतर्यामीकडे वळल्या. आवाज चढवला नाही, म्हणून तो जास्तच घाबरला. "हे बंद. जनावर न बघता औषध द्यायचं नाही. तुमचं दुकान मोक्याचं आहे, लोकांचा विश्वास आहे, ते मला मोडायचं नाही. मी इथे प्रथमोपचार केंद्र काढते. लसी ठेवायला फ्रीज देते."

फ्रीज म्हटल्यावर अंतर्यामीचा चेहरा उजळला.

"पण तुम्ही जनावर तपासायला शिकायचं. हे पुस्तक घ्या. पंधरा दिवसांनी मी येते आणि परीक्षा घेते, याच काकूंच्या म्हशीवर. ताप मोजायचा, आणि ती सारखी सारखी का लंगडते ते तिला बघून सांगायचं. नाही जमलं तर कपाट मी गाडीत घालून दवाखान्यात नेते. मग तुम्ही खुशाल पेंड विका."

बाई गेल्या. अंतर्यामी कपाटाच्या काचेत स्वतःचा चेहरा बघत राहिला. कपाट गेलं की तो पुन्हा पेंडवाला. नुसता पेंडवाला झाला असता तर एक वेळ सोसलं असतं, पण हगवण लागलेलं कोकरू मांडीवर घेऊन बसने दोन तास जाणाऱ्या बाया त्याला आत्ताच दिसू लागल्या, आणि त्या प्रत्येकीच्या तोंडी त्याचंच नाव होतं.

तयारी त्या दिवसापासूनच सुरू झाली. पुस्तक पातळ होतं पण भाषा जाड होती. 'पशूच्या डाव्या बाजूने, शांतपणे बोलत, जवळ जावे. शेपूट घट्ट धरून ठेवावे.' हे तोंडपाठ झालं. सरावाला जनावर हवं, आणि जनावर तर बघवत नाही. शेवटी नजर गेली मेहुण्यावर. बायकोचा हा धाकटा भाऊ 'दोन दिवसांसाठी' राहायला आला त्याला सहा महिने झाले होते, आणि एवढ्या काळात खाणं आणि आडवं होणं यापलीकडे त्याने काही केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हशीच्या कामाला तो घडवल्यासारखाच होता.

मागच्या खोलीत, रिकाम्या गोणपाटांवर, मेहुणा चार पायांवर उभा राहिला. कमरेला दोराचं शेपूट बांधलं. अंतर्यामी डाव्या बाजूने शांतपणे बोलत गेला, शेपूट घट्ट धरलं आणि थर्मामीटर पुढे केलं. नेमकी तेव्हाच बायको धान्य न्यायला आत आली.

"अहो," ती म्हणाली, "तो माझा भाऊ आहे. थर्मामीटर खाली ठेवा."

"मी काखेतच लावणार होतो."

"मग शेपूट कशाला?"

त्याने शेपूट सोडलं. तरी सराव चालू राहिला, थर्मामीटरच्या जागी लाटणं घेऊन आणि बायकोच्या नजरेखाली. पुस्तकात लिहिलं होतं की काही पशू लाथ मारतात, म्हणून मेहुण्याला लाथ मारायलाही सांगितलं. त्याने ती इतक्या मनापासून मारली की सहा महिन्यांत काय काय साठलं होतं ते सगळ्यांना कळलं. तेराव्या दिवशी अंतर्यामी मेहुणा तपासण्यात तरबेज झाला. आणि त्याच दिवशी त्याच्या ध्यानात आलं की मेहुण्याला शिंगं नाहीत.

"सरळ सांगून टाका ना बाईंना," बायको म्हणाली. "भीती वाटते म्हणावं. कुणी खाणार आहे का?"

"लोक मला अंतर्यामी म्हणतात."

"म्हणू देत. त्यांचं काय जातंय."

परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला सगळं गाव कोपऱ्यावर लोटलं. हेडमास्तरांनी शाळा उशिरा भरवली. लोहार भाता बंद करून आला. काकूंनी म्हशीला धुऊन-पुसून आणलं आणि मेहुण्याने तिला दुकानासमोरच्या खांबाला बांधलं. दुकानाच्या तोंडासमोर जनावर उभं राहायची सव्वीस वर्षांतली ही पहिलीच खेप. म्हशीने अंतर्यामीकडे बघितलं. तिच्या बघण्यात वाईट काही नव्हतं, पण चांगलं तरी काय होतं?

"काकू," तो आतूनच म्हणाला, "तेवढं चालून दाखवा. म्हणजे मला अंदाज येईल."

काकू कमरेवर हात ठेवून उठल्यासुद्धा. "तुम्ही बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हैस हजर आहे."

तो बाहेर आला. दोन पायऱ्या उतरला. डावी बाजू कुठली, तिची की आपली, यात थोडा वेळ घालवला. मग शांतपणे बोलत पुढे सरकला, आणि हात शेपटापासून वीतभर असताना म्हैस शिंकली. पुढचं कसं झालं ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. शिंक संपली तेव्हा तो पेंडीच्या सहा पोत्यांवर उभा होता.

कुणी हसलं नाही. तेच त्याला फार लागलं. पोत्यांवरून सगळ्यांचे चेहरे दिसत होते, आणि लपायला वर जागा नव्हती.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "जनावरांची. सगळ्याच. लहानपणापासून. म्हणून मी तुम्हाला करून दाखवायला लावायचो. मी अंतर्यामी-बिंतर्यामी काही नाही."

मग हेडमास्तर घसा साफ करून म्हणाले, "ते माहीत आहे. पुढे बोला."

"माहीत आहे?"

"अहो शेठ," काकू म्हणाल्या, "मला काय हौस आहे म्हशीसारखं चालायची? या वयात?"

"माझा बैल मी विहिरीपाशी बांधून येतो," लोहार म्हणाला. "बापाने सांगून ठेवलं होतं, दुकानासमोरून जनावर न्यायचं नाही, मालकाला सोसत नाही. मला वाटलं, सगळ्यांच्या बापांनी सांगितलं असेल."

अंतर्यामीने बायकोकडे बघितलं. "मी एका शब्दाने कुणाला बोलले नाही," ती म्हणाली.

"बोलायला कशाला लागतंय," मेहुणा म्हणाला.

"आणि मग अंतर्यामी?"

"ते प्रेमाने म्हणतात," हेडमास्तर म्हणाले. ते खोटं बोलत नसत, म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "थोडं चेष्टेनेही."

त्याला राग आला. सव्वीस वर्षं आपण गावाला फसवतोय असं समजून हा रोज मनातल्या मनात मरत होता, आणि गाव मात्र निवांत लंगडत होतं. "मग कुणी बोलला का नाहीत?" त्याने विचारलं.

"बोललो असतो तर लाजून कपाट बंद केलं असतंत," काकू म्हणाल्या. "मग म्हशीचं पोट फुगल्यावर मी कुणाचं दार वाजवायचं होतं? बसचं? तुम्ही भित्रे असाल, पण हाक मारली की दार उघडता. आम्हाला तेवढं पुरत होतं."

अंतर्यामीला रडू यायला लागलं, आणि पोत्यांवर उभं राहून रडणं बरं दिसत नाही म्हणून तो खाली उतरला.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांनाही काहीतरी वाटलं असावं, कारण त्यांनी उगाच पेन झटकलं. "हे सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण माझ्या फॉर्मवर 'गावाचं प्रेम आहे का' असा रकाना नाही. 'जनावर हाताळता येतं का' एवढाच आहे. काय लिहू?"

बायकोने थर्मामीटर त्याच्या हातात दिलं.

तो निघाला. भीती होती तेवढीच होती, त्यात रतीभर फरक नव्हता. पण इतकी वर्षं त्याला दोन कामं होती, एक भ्यायचं आणि एक ते लपवायचं. आता एकच उरलं होतं. तो उघड उघड थरथरत गेला. शांतपणे बोलायचं म्हणून म्हशीला म्हणाला, "बाई गं, मी दुकानदार. तुझं मलम माझ्याकडूनच येतं." लोहाराने पुढून म्हशीची वेसण धरली. मेहुणा मागून अंतर्यामीला टेकू देऊन उभा राहिला, सहा महिन्यांतलं त्याचं हे तिसरं काम. अंतर्यामीने डोळे गच्च मिटले, डाव्या हाताने शेपूट धरलं आणि उजव्या हाताने थर्मामीटर जिथे लावायचं तिथे लावलं.

म्हैस हलली नाही. जगबुडी झाली नाही. सगळे कौतुकाने बघत असताना थर्मामीटर वाजलं.

असला आवाज म्हशीने जन्मात ऐकला नव्हता, आणि तोही असल्या ठिकाणाहून. तिने मान झटकली, लोहाराच्या हातातून वेसण सुटली, आणि खांबाची गाठ मेहुण्याने मारलेली असल्यामुळे ती गाठ नव्हतीच. म्हैस वळली आणि घराकडे निघाली. अंतर्यामीने थर्मामीटर तेवढं काढून वर धरलं, पण शेपूट सोडलं नाही. तोही निघाला.

"सोडा," बाई ओरडल्या. "शेपूट सोडा."

"घट्ट धरून ठेवावे असं लिहिलंय," तो जाता जाता म्हणाला. "कधी सोडायचं ते पुस्तकात नाही."

म्हैस लंगडत होती म्हणून बरं, नाहीतर हा फरफटत गेला असता. लंगडती म्हैस पुढे, तिच्या शेपटाला दुकानदार, त्याच्यामागे फॉर्म घेतलेल्या डॉक्टरीणबाई, आणि मागे गाव. गल्लीच्या तोंडाशी त्याने एक डोळा उघडून आकडा वाचला. "एकशे एक पूर्णांक चार," तो ओरडला. "म्हशीला एवढं असतंच. म्हणजे ताप नाही." बाईंनी चालता चालता ते लिहून घेतलं.

काकूंच्या घराला वळसा घालून म्हैस मागच्या बुटक्या दारातून गोठ्यात शिरली. हात उघडत नव्हता म्हणून तोही वाकून शिरला. आत अंधार होता. पहिल्याच पावलाला त्याची चप्पल चिखलात रुतून राहिली, दुसऱ्या पावलाला पाय घोट्यापर्यंत गेला. म्हैस आपल्या रोजच्या जागी जाऊन उभी राहिली. पुढचे पाय कोरड्यात, मागचे दोन्ही राडीत, आणि मागचा डावा नेमका एका खड्ड्यात, जिथे हिरवट पाणी साठलं होतं. भिंतीच्या बुडातून ते पाणी झिरपतच होतं.

अंतर्यामी खाली बघत राहिला. आधी म्हशीच्या पायाकडे, मग स्वतःच्या. स्वतःच्या पायाला एवढ्यातच खाज सुटली होती.

"काकू, हे पाणी कुठलं?"

"मोरीचं. नळी फुटलीय भिंतीत. हे होते तोवर बघायचे." काकू दारातूनच बोलत होत्या. "मी रोज बादलीने उपसते, रोज भरतं. आता सवय झाली."

"तीन वर्षं? मला कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही ती पाय कशी टाकते ते विचारलंत," काकू म्हणाल्या. "कुठे टाकते ते कधी विचारलं नाहीत."

त्याचा हात आपोआप उघडला आणि शेपूट सुटलं. तीन वर्षं दर महिन्याला ही बाई दुकानात लंगडत आली होती, तो तिला एक डबी द्यायचा, आणि तिचं बोट धरून चार घरं चालत आला असता तर पहिल्याच महिन्यात काम झालं असतं. भित्रेपणा गावासमोर उघडा पडला, त्याचं त्याला आता काही वाटेना. या राडीची मात्र त्याला मनापासून लाज वाटली.

डॉक्टरीणबाई दारात फॉर्म भिंतीला टेकवून उभ्या होत्या. "लंगडण्याचं कारण?" त्यांनी विचारलं.

"म्हैस रोज चिखलात उभी राहते," तो म्हणाला. "आणि दुकानदार कधी बघायला आला नाही. दोन्ही लिहा."

बाईंनी दोन्ही लिहिलं. मग हाताळता येतं का या रकान्यात काहीतरी खूण केली आणि फॉर्मची घडी केली. त्याने ती खूण काय आहे ते विचारलंसुद्धा नाही. तो पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडत होता.

"काकू, फावडं आहे का? आणि मेहुण्याला म्हणावं, दुकानातनं वीतभर नळीचा तुकडा आण."

फावडं आलं. भिंतीपासून दारापर्यंत चर काढायला त्याने सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या घावाला म्हशीने मान वळवली आणि ओलं नाकाड त्याच्या पाठीवर टेकवलं. तो जागच्या जागी ताठ झाला. अंगावरचा केस न् केस उभा राहिला, पण फावडं हातातच राहिलं.

"काकू," तो मागे न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "हिला जरा पलीकडे घ्या. मला पलीकडे जाता येत नाही. चर इथूनच काढावा लागणार आहे."